स्विस आर्मी नाइफ बनवणारा कार्ल एल्सनर कोण होता?

एखाद्या ॲपमध्ये दहा कामं होत असली की रिव्ह्यूवाले त्याला ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हणून मोकळे होतात. पण मूळ चाकू बनवणारा माणूस त्यापायी कर्जबाजारी झाला होता, हे फारसं कुणी सांगत नाही. आज त्याचीच गोष्ट बघू.

कार्ल एल्सनरचा जन्म १८६० चा. चाकू बनवायचं काम शिकून त्याने १८८४ मध्ये स्वित्झर्लंडच्या इबाख गावात वर्कशॉप टाकलं. यंत्रं ओढ्याच्या पाण्यावर चालायची. त्या भागात तेव्हा गरिबी होती, लोक पोटासाठी परदेशात जात होते. गावातच काम मिळावं, ही त्याची धडपड. अमरावती-अकोल्याच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको; डिग्री हातात पडल्यावर मीही पुणंच गाठलं.

त्याच सुमारास स्विस सैन्याला घडीचा चाकू हवा होता. त्यात पातं, डबा उघडायचं टोक, भोक पाडायचा टोचा आणि १८८९ ची नवी रायफल खोलायला स्क्रूड्रायव्हर. पहिली ऑर्डर जर्मनीला गेली. मग एल्सनरने देशातले कारागीर एकत्र केले आणि १८९१ मध्ये पहिला माल दिला. पण जर्मन कारखान्यांचा भाव कमी होता. बाकीचे कारागीर बाहेर पडले. एल्सनर एकटा टिकला, पण डोक्यावर कर्ज चढलं. नातेवाइकांनी हात दिला म्हणून वर्कशॉप वाचलं.

खरी कमाल पुढे आहे. घडीच्या चाकूचं पातं जागेवर धरायला पाठीमागे स्प्रिंग लागते. प्रत्येक अवजाराला वेगळी स्प्रिंग दिली तर चाकू जाडजूड होतो. एल्सनरने एकाच स्प्रिंगच्या दोन्ही बाजू वापरल्या. सहा अवजारं, स्प्रिंगा फक्त दोन! हे डिझाइन १८९७ मध्ये नोंदवलं गेलं. सैन्य हा चाकू देत नव्हतं, तरी अधिकारी स्वतःच्या पैशाने घ्यायचे.

१९०९ मध्ये आई वारली. तिचं नाव व्हिक्टोरिया, तेच त्याने ब्रँडला दिलं. १९१८ मध्ये तो गेला. १९२१ मध्ये न गंजणारं स्टील आलं, त्याचं ‘इनॉक्स’ हे नाव जोडून ‘व्हिक्टोरिनॉक्स’ झालं.

आता ही कंपनी कलमं करायचे चाकूही बनवते. आपल्याकडे वरुड-शेंदुरजना घाटच्या संत्रा नर्सरीत खुंटावर डोळे भरायला असाच सरळ धारेचा चाकू लागतो. काप स्वच्छ बसला तरच डोळा जगतो.

असे चाकू जमवणार असाल तर एक लक्षात ठेवा. घरगुती किंवा शेतीच्या कामाचा नसलेला, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू शस्त्र कायद्याच्या परवान्यात येतो. आणि विमानात केबिन बॅगेत छोटाही चालत नाही.

कंपनीचं मुख्यालय आजही इबाखलाच आहे. स्प्रिंगपेक्षाही मला एल्सनरची हीच गोष्ट मोठी वाटते.