हिस्टामिनला आवर घालणारे संशोधक : डॅनिएल बोव्हे

शिंका, वाहते नाक किंवा अंगावर उठणारे पित्त यांवर उतारा म्हणून घेतलेल्या गोळीने डोळ्यांवर झापड येते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. रोह्यालगतच्या वरसे गावातून धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला जाणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने मात्र ही गुंगी जिवावर बेतू शकते. या गोळ्यांचा उगम ज्यांच्या संशोधनात आहे, ते डॅनिएल बोव्हे.

स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे २३ मार्च १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील पिएर बोव्हे नामवंत शिक्षणतज्ज्ञ होते. १९२९ मध्ये जिनिव्हा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून डॅनिएल पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. प्राँटोसिल या जंतुनाशक औषधातील प्रभावी घटक सल्फानिलामाइड हा आहे, हे १९३५ मध्ये दाखवून देणाऱ्या चमूत त्यांचा समावेश होता.

परागकण, धूळ अशा पदार्थांचे वावडे असलेल्या व्यक्तीच्या शरीरात हिस्टामिन हे द्रव्य मोकळे होते. त्यामुळे रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, सूज येते, श्वासनलिका आकुंचन पावतात. या द्रव्याला रोखणारे औषध तेव्हा उपलब्ध नव्हते. १९३७ मध्ये बोव्हे व त्यांच्या सहकारी ॲन-मारी स्टाउब यांनी गिनिपिगना हिस्टामिनच्या घातक मात्रेपासून वाचवणारे संयुग शोधले. ते माणसाला देण्याजोगे नव्हते, कारण ते विषारी होते. तथापि वाट सापडली होती. त्याच वाटेने १९४२ मध्ये फ्रान्समध्ये अँटरगन हे औषध रुग्णांच्या हाती आले आणि १९४४ मध्ये बोव्हे यांनी मेपिरामिन सिद्ध केले.

मात्र हिस्टामिनचे कार्य नाका-त्वचेपुरते मर्यादित नाही. मेंदूतील विशिष्ट पेशी तेच द्रव्य स्रवून माणसाला जागे व सावध ठेवतात. जुन्या पिढीतील औषधे सहजपणे मेंदूत शिरतात आणि तेथील हिस्टामिनचेही काम अडवतात. परिणामी झोप येते, लक्ष विचलित होते, प्रतिसाद मंदावतो. झोप आल्याचे स्वतःला जाणवले नाही, तरीही हा मंदपणा असू शकतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात वाहनचालकांवर झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डायफेनहायड्रामिनचा वाहन चालवण्यावरील दुष्परिणाम मद्यापेक्षाही अधिक आढळला. फेक्सोफेनाडिन या नव्या औषधाने तसे घडले नाही.

१९३८ मध्ये बोव्हे यांचा विवाह इटलीच्या माजी पंतप्रधानांची कन्या फिलोमेना निट्टी यांच्याशी झाला. त्या त्यांच्या संशोधनातही सहकारी होत्या. १९४७ मध्ये हे दांपत्य रोमला गेले. तेथे शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणाऱ्या कृत्रिम औषधांवर त्यांनी काम केले. १९५७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना एकट्याला मिळाले.

एवढ्या सन्मानानंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. १९६४ मध्ये सार्डिनियातील सासारी विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावर, आणि पुढे पुन्हा रोममध्ये, ते मेंदूकडे वळले. औषधांमुळे उंदरांच्या शिकण्यावर व स्मरणावर काय परिणाम होतो, याचा त्यांनी अभ्यास केला. ८ एप्रिल १९९२ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले.

शरीराला दिलासा देणारे औषध मनावर काय करते, हा प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा असल्याचे त्यांच्या जीवनकार्यातून ध्यानात येते. म्हणूनच यंत्रावर उभे राहण्यापूर्वी किंवा मुंबई-गोवा महामार्गावर गाडी काढण्यापूर्वी, घेतलेल्या गोळीने गुंगी येते का, हे डॉक्टरांना विचारून घेणे श्रेयस्कर.