खरखरीआडचा सूर

कैराना येथे १८७२ साली जन्मलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ पुढे मिरजेत स्थायिक झाले आणि किराणा घराण्याची गायकी त्यांनी महाराष्ट्रात रुजवली. सवाई गंधर्व हे त्यांचेच शिष्य. विसाव्या शतकाच्या आरंभी कर्ण्यासमोर गाणाऱ्या खाँसाहेबांना १९३०च्या दशकात मायक्रोफोन लाभला. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी प्रवासातच त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या लाखेच्या तबकड्या आज इंटरनेटवर ऐकता येतात. संथ जोडणीमुळे गाणे अडखळत असेल, तर ते आधी उतरवून घ्यावे. खरखर मात्र मूळ तबकडीतलीच असते. संगणकाने ती पार पुसू गेल्यास खाँसाहेबांचा तलम सूरही पुसला जातो. म्हणून थोडी खरखर राहू द्यावी. तिच्याआडच तो सूर आहे.