गाणी गोविंदांची, जन्मठेप बाबारावांना

नाशिक : ज्या माणसाला स्वतःच्या पायांनी चार पावलं टाकता येत नव्हती, त्याची गाणी नाशिकच्या गल्लीबोळात फिरली. इतकी फिरली, की इंग्रज सरकारला धडकी भरली. हा माणूस म्हणजे स्वातंत्र्यकवी गोविंद, पूर्ण नाव गोविंद त्र्यंबक दरेकर.

जन्म १८७४ सालचा, नाशिकचाच. लहानपणी आजारात दोन्ही पाय लुळे पडले. घरची गरिबी, शाळाही जेमतेम. पण शब्द जुळवण्याची हातोटी उपजतच. आबा दरेकर म्हणून ते ओळखले जायचे, आणि सुरुवातीला रचायचे काय, तर लावण्या! पुढं तिळभांडेश्वर गल्लीत सावरकर बंधूंशी गाठ पडली आणि गाडीनं रूळ बदलला. १९०० च्या सुमारास तिथं मित्रमेळा उभा राहिला. १९०४ मध्ये त्याचंच नाव अभिनव भारत झालं. गोविंद या मेळ्याचे कवी झाले.

लावणीचा हात वाया गेला नाही. एकदा ऐकलं की तोंडात बसेल, अशी रचना करायची सवय त्यांना तिथंच लागली असणार. गणेशोत्सवात, शिवजयंतीला मेळ्याची पोरं त्यांची पदं, पोवाडे म्हणत. तेव्हा लाऊडस्पीकर नव्हता, बहुतेकांना वाचताही येत नव्हतं. गाणं ऐकायचं, घरी जाताना गुणगुणायचं, म्हणजे झाला प्रचार. वरवर पाहिलं तर गाण्यात देव, दैत्य, शिवाजी महाराज. रोख कुणावर, ते ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं. लढल्याशिवाय कुणाला स्वातंत्र्य मिळालंय का, असा रोकडा सवालच त्यांनी एका गाण्यात घातला होता.

सरकारलाही ते कळत होतंच. थोरले बंधू बाबाराव सावरकर यांनी 'लघु अभिनव भारतमाला' ही कवितांची पुस्तिका प्रसिद्ध केली, तीत गोविंदांची गाणी होती. त्यावरून बाबारावांवर राजद्रोहाचा आणि सरकारविरुद्ध युद्धाला चिथावणी दिल्याचा खटला झाला. जून १९०९ मध्ये नाशिकला शिक्षा झाली, जन्मठेप काळं पाणी! मालमत्ताही जप्त. मुंबई हायकोर्टात अपील केलं, तेही फेटाळलं. देवादिकांची नावं आडोशाला घेऊन आत्ताच्या सरकारविरुद्ध युद्धच शिकवलंय, असं न्यायमूर्तींनी ठरवलं. कवितेचा अर्थ तरी त्यांनी चुकवला नव्हता!

बाबाराव अंदमानला गेले. ते तिकडं असतानाच, १९१९ मध्ये, त्यांच्या पत्नी येसूवहिनी वारल्या. कलेक्टर जॅक्सनवर या खटल्याचा राग होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यानं त्याला गोळ्या घातल्या. पुढच्या एप्रिलमध्ये ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे, देशपांडे फासावर गेले. इकडं मेळा विस्कटला, गाणी जप्त झाली. गोविंद नाशिकलाच होते. आपण रचलेल्या गाण्यांपायी दुसऱ्याचं घर उद्ध्वस्त झालेलं त्यांना रोज दिसत असणार. तरी लेखणी त्यांनी खाली ठेवली नाही.

बाबाराव १९२२ मध्ये सुटले. त्याच वर्षी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत वामनदादा कर्डक जन्मले. पुढं त्यांनी आंबेडकरी गाणं गावोगाव नेलं. दोघांच्या गाण्याचा विषय वेगळा, लढाई वेगळी. पण अडाणी माणसाच्याही ओठावर बसेल असं लिहायचं, ही रीत एकच.

शेवटच्या आजारात गोविंदांनी मरणावर कविता केली, 'सुंदर मी होणार'. जन्मभर पांगळं शरीर वागवलेला माणूस नव्या देहाची वाट बघतोय, मरणाला अजिबात घाबरत नाही. फेब्रुवारी १९२६ मध्ये ते गेले. पुढं पु. ल. देशपांडे यांनी आपल्या नाटकाला हेच नाव दिलं. त्या नाटकाची नायिकाही पायांनी अधू आहे.