महात्मा गांधी : शस्त्रक्रिया, आहार आणि जलोपचार

मोहनदास करमचंद गांधी (जन्म : २ ऑक्टोबर १८६९, पोरबंदर, मृत्यू : ३० जानेवारी १९४८, दिल्ली) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्याचे नेते होते. आहार, उपवास, पाणी आणि निसर्गोपचार यांवर त्यांनी आयुष्यभर स्वतःवर प्रयोग केले. त्यांच्या दोन शस्त्रक्रिया महाराष्ट्रात झाल्या : १९१९ मध्ये मुंबईत गुदद्वाराच्या चिरांची (फिशर) आणि १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची (अपेंडिक्स). पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वी अशक्त रुग्णाला सशक्त कसे करावे, हा प्रश्न त्यांच्या दूधत्यागाच्या व्रतामुळे बिकट झाला होता. दुसऱ्या वेळी तशा पूर्वतयारीला अवधीच मिळाला नाही. प्रस्तुत लेखात गांधींच्या जीवनातील या पैलूची माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

गांधी वैष्णव कुटुंबात वाढले. १८८८ ते १८९१ या काळात कायद्याच्या शिक्षणासाठी ते लंडनमध्ये होते. तेथे हेन्री सॉल्ट यांच्या लेखनामुळे त्यांचा शाकाहार केवळ घरची रीत न राहता विचारपूर्वक स्वीकारलेले तत्त्व बनला. १८९३ पासून दक्षिण आफ्रिकेतील वास्तव्यात लुई कुन्हे यांचे कटिस्नान, अ‍ॅडॉल्फ जुस्ट यांचे मातीचे लेप आणि फलाहार यांचे प्रयोग त्यांनी स्वतःवर व कुटुंबीयांवर केले. औषधांपेक्षा पथ्य आणि पाणी यांवर त्यांचा अधिक विश्वास होता. शस्त्रक्रिया मात्र त्यांनी सरसकट नाकारली नाही.

कस्तुरबांची शस्त्रक्रिया

शस्त्रक्रियेनंतरच्या आहाराचा प्रश्न गांधींसमोर प्रथम पत्नीच्या आजारपणात उभा राहिला. कस्तुरबांना वारंवार रक्तस्राव होत असे. १९०९ च्या सुमारास दरबान येथे त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या इतक्या कृश झाल्या होत्या की क्लोरोफॉर्म न देताच ती करावी लागली. गांधी जोहान्सबर्गला परतल्यावर त्यांची प्रकृती ढासळली, तेव्हा डॉक्टरांनी दूरध्वनीवरून गोमांसाचे सूप देण्याची परवानगी मागितली. अशक्त रुग्णाला असे सूप देण्याची तत्कालीन युरोपीय वैद्यकात रूढ पद्धत होती.

कस्तुरबांची स्वतःची इच्छा असेल तरच ते द्यावे, अशी भूमिका गांधींनी घेतली. दरबानला पोहोचल्यावर, ते सूप रुग्णाला आधीच दिले गेल्याचे डॉक्टरांनी त्यांना सांगितले. आपल्या पद्धतीने आहार देता येणार नसेल तर उपचाराची जबाबदारी घेणार नाही, असेही डॉक्टरांनी स्पष्ट केले. कस्तुरबांनी मांसाहारास ठाम नकार दिला. त्यामुळे पाऊस भुरभुरत असतानाच गांधींनी त्यांना फिनिक्स आश्रमात हलवले. गरम दुधाची व गरम पाण्याची बाटली आणि झोळीतून वाहून नेण्यासाठी सहा माणसे स्थानकावर पाठवावीत, असा निरोप त्यांनी सहकारी वेस्ट यांना आधीच धाडला होता. जलोपचाराने कस्तुरबांना हळूहळू शक्ती आली. पुढे रक्तस्राव पुन्हा सुरू झाल्यावर गांधींच्या आग्रहावरून त्यांनी मीठ व डाळी सोडल्या, आणि गांधींनीही त्यांच्यासोबत ते पदार्थ वर्ज्य केले.

दूधत्यागाचे व्रत

१९१२ मध्ये टॉलस्टॉय फार्मवर गांधी व हर्मन कॅलनबॅक यांनी दूध सोडले. दूध विकारांना उत्तेजन देते, ही गांधींची धारणा त्यामागे होती. शिवाय कलकत्त्यात गाईम्हशींचे अधिक दूध काढण्यासाठी ‘फुका’ ही क्रूर पद्धत वापरली जात असल्याचे त्यांनी वाचले होते.

या व्रताची पहिली कसोटी १९१४ मध्ये लंडनला लागली. गांधींना फुप्फुसावरणदाह (प्लुरसी) झाला होता. डॉ. जीवराज मेहता यांनी दूध व धान्य पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरला. स्वतः आजारी असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनीही तेच सांगितले. गोखले यांना ते गुरुस्थानी मानत. तरीही एक रात्र विचार करून त्यांनी दूध घेण्यास नकार दिला.

१९१८ चा आमांश

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीच्या कामासाठी फिरताना गांधींचा आहार मुख्यतः शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू एवढाच होता. एका सणाच्या दिवशी तेलात केलेली गव्हाची गोड लापशी व मूग त्यांनी पोटभर खाल्ले आणि त्यांना तीव्र आमांश झाला. नडियाद येथे त्यांनी औषध घेतले नाही आणि इंजेक्शनही टाळले. ते इंजेक्शन प्राणिजन्य असावे, असा त्यांचा समज होता. ते वनस्पतिजन्य असल्याचे पुढे कळल्यावर आपल्या अज्ञानाची त्यांनी आत्मकथेत कबुली दिली. आपला अंत जवळ आला असे त्यांना त्या वेळी वाटू लागले होते.

साबरमती आश्रमात असताना डॉ. तळवलकर यांनी केळकर नावाच्या एका महाराष्ट्रीय गृहस्थांना त्यांच्याकडे आणले. ते अंगावर बर्फ लावण्याचा उपचार करीत, म्हणून आश्रमात त्यांना ‘बर्फ डॉक्टर’ म्हणत. या उपचाराने गांधींना उमेद आली, भूक लागू लागली आणि ते थोडे चालू लागले. शक्ती लवकर भरून यावी म्हणून निष्फल अंडी खाण्याचा केळकरांचा सल्ला मात्र त्यांनी मानला नाही.

माथेरान, डॉ. दलाल आणि शेळीचे दूध

हवापालटासाठी गांधी माथेरानला गेले. तेथील जड पाणी त्यांना मानवले नाही. आमांशामुळे गुदद्वाराला चिरा पडल्या होत्या आणि शौचाच्या वेळी असह्य वेदना होत. परिणामी खाण्याचीच भीती वाटू लागली. आठवडा पूर्ण होण्याआधीच त्यांनी माथेरान सोडले. मुंबईत शंकरलाल बँकर यांनी त्यांच्या प्रकृतीची देखरेख आपल्याकडे घेतली आणि डॉ. दलाल यांना बोलावले.

दूध घेतल्याशिवाय शरीर पुन्हा उभे करता येणार नाही, असे दलाल यांचे निदान होते. त्यासोबत लोह व आर्सेनिक यांची इंजेक्शने द्यावीत, असे त्यांनी सुचवले. इंजेक्शनांना गांधींनी होकार दिला. दुधाबाबत व्रत आड आले. व्रत घेताना गाईम्हशींचा छळ डोळ्यांसमोर होता, हे त्यांनी सांगितले. त्यावर, मग शेळीच्या दुधाला हरकत नसावी, असे जवळच उभ्या असलेल्या कस्तुरबांनी सुचवले. दलाल यांनाही ते पुरेसे वाटले आणि गांधींनी मान्यता दिली.

लवकरच, जानेवारी १९१९ मध्ये, दलाल यांनी चिरांची शस्त्रक्रिया यशस्वीपणे केली. गांधी सावरत असतानाच रौलट समितीचा अहवाल त्यांच्या वाचनात आला आणि एप्रिल १९१९ च्या देशव्यापी सत्याग्रहाची तयारी सुरू झाली. शेळीचे दूध पुढे आयुष्यभर त्यांच्या आहारात राहिले. मात्र या निर्णयाने त्यांचे समाधान झाले नाही. व्रताचे शब्द पाळले, पण त्याचा आत्मा गमावला, ही खंत त्यांनी ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेत नोंदवली आहे.

ससून रुग्णालयातील शस्त्रक्रिया

मार्च १९२२ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर गांधींना येरवडा कारागृहात ठेवण्यात आले. तेथेही शेळीचे दूध व फळे हे त्यांचे प्रमुख अन्न होते. जानेवारी १९२४ मध्ये त्यांना तीव्र आंत्रपुच्छदाह झाला. १२ जानेवारी रोजी त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवण्यात आले. डॉ. दलाल व डॉ. जीवराज मेहता यांना बोलावण्याची त्यांची इच्छा होती. परंतु ते वेळेत पोहोचू शकत नव्हते आणि थांबणे धोक्याचे होते. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांच्या उपस्थितीत गांधींनी शस्त्रक्रियेस लेखी संमती दिली. रुग्णाच्या जिवाला काही झाले असते तर देशभर क्षोभ उसळला असता, याची जाणीव सर्वांनाच होती.

त्याच रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. ती चालू असताना वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पूर्ण करावे लागले. ५ फेब्रुवारी १९२४ रोजी सरकारने त्यांची बिनशर्त सुटका केली. मार्चपर्यंत ते ससूनमध्येच होते. त्यानंतर मेअखेरपर्यंत त्यांनी जुहू येथे नरोत्तम मोरारजी यांच्या बंगल्यात विश्रांती घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्ली येथे हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी त्यांनी २१ दिवसांचा उपवास केला.

उपवास आणि पाणी

उपवासात गांधी अन्न सोडत, पाणी नाही. पाण्यात मीठ किंवा खाण्याचा सोडा घालण्याचा त्यांचा प्रघात होता. १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ या काळात पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी २१ दिवसांचा उपवास केला. त्या वेळी ते ७३ वर्षांचे होते. मध्यावर मळमळीमुळे साधे पाणीही पोटात जाईना आणि प्रकृती चिंताजनक झाली. पाणी पिता यावे म्हणून आवश्यक तेवढा लिंबूवर्गीय फळांचा रस घेण्याची मुभा त्यांनी आधीच जाहीर केली होती. त्यानुसार पाण्यात मोसंबीचा रस मिसळण्यात आला, पाणी पोटात ठरू लागले आणि ते संकटातून बाहेर आले.

त्याच स्थानबद्धतेत, ऑगस्ट ते डिसेंबर १९४२ दरम्यान, त्यांनी ‘आरोग्याची गुरुकिल्ली’ ही पुस्तिका लिहिली होती. हवा, पाणी व अन्न यांचा तीत क्रमाने विचार आहे. शरीरश्रम कमी असलेल्या व्यक्तीसाठी रोज दोन पौंड गाईचे दूध त्यांनी सुचवले आहे. दूध पूर्णपणे वर्ज्य करण्याच्या मूळ भूमिकेपासून ते किती दूर आले होते, हे यातून दिसते.

वैद्यकीय संदर्भ

गांधींच्या शस्त्रक्रिया झाल्या तेव्हा शस्त्रक्रियापूर्व पोषणाचे शास्त्र बाल्यावस्थेत होते. शिरेतून सतत ठिबक पद्धतीने द्रव देण्याविषयीचा रुडॉल्फ मॅटास यांचा लेख १९२४ चा आहे. १९३६ मध्ये क्लीव्हलँड येथील हायरम स्टडली यांनी जठरव्रणाच्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन २० टक्क्यांहून अधिक घटले होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सुमारे ३३ टक्के, तर इतरांत सुमारे ३.५ टक्के होते.

आज तीव्र कुपोषित रुग्णाची शस्त्रक्रिया शक्य असल्यास ७ ते १४ दिवस पुढे ढकलून त्याचे पोषण सुधारले जाते. शस्त्रक्रियेच्या काळात दर किलो वजनामागे रोज सुमारे १.५ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली जाते. नियोजित शस्त्रक्रियेत बहुतेक रुग्णांना भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत पाण्यासारखे स्वच्छ द्रव घेता येतात. नंतरही शक्य तितक्या लवकर तोंडाने अन्न सुरू केले जाते. या निकषांवर, आधी शरीर भरून काढावे आणि मग शस्त्रक्रिया करावी, हा डॉ. दलाल यांचा १९१९ मधील क्रम योग्य ठरतो. १९२४ मधील आंत्रपुच्छदाहासारख्या तातडीच्या प्रसंगी मात्र विलंबाचा धोका अधिक असतो. तेथे पोषणाची भरपाई शस्त्रक्रियेनंतरच करावी लागते.

शेळीच्या १०० ग्रॅम दुधात सुमारे ३.५ ग्रॅम प्रथिने असतात. त्यात फोलेट अत्यल्प असल्याने केवळ त्यावर दीर्घकाळ राहिल्यास रक्तक्षय होऊ शकतो. संत्री-मोसंबीतील क जीवनसत्त्व जखम भरून येण्यास आवश्यक असते. त्यामुळे दुधासोबत फळे व पालेभाज्या घेण्याची गांधींची सवय उपयुक्त होती. मीठ आणि डाळी सोडणे किंवा आमांशात औषध नाकारणे यांना मात्र आधुनिक वैद्यकाचा आधार नाही.

स्मारके

ससून रुग्णालयातील ज्या खोलीत गांधींवर शस्त्रक्रिया झाली, ती स्मारक म्हणून जतन करण्यात आली आहे. पुण्याजवळील उरुळी कांचन येथे १९४६ मध्ये त्यांनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले. गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ मध्ये, त्याच्याशी संलग्न महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली.