पहिली एलिझाबेथ : कटांच्या छायेतील ४४ वर्षे

इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ १७ नोव्हेंबर १५५८ रोजी सिंहासनावर आली, तेव्हा तिचे वय अवघे २५ वर्षांचे होते. मृत्यूची छाया मात्र तिने बालपणापासूनच पाहिली होती. ती तीन वर्षांचीही नसताना वडील आठवा हेन्री याने तिची आई ॲन बोलिन हिचा शिरच्छेद करविला आणि एलिझाबेथला अनौरस ठरविले. सावत्र बहीण मेरी ट्युडर हिच्या कॅथलिक राजवटीत, १५५४ साली, बंडाशी संबंध असल्याच्या संशयावरून तिला लंडनच्या टॉवरमध्ये कैद भोगावी लागली. पुरावा मिळाला नाही, म्हणूनच ती वाचली.

राज्यावर येताच १५५९ मध्ये तिने पार्लमेंटकरवी इंग्लंडचे चर्च पुन्हा पोपच्या सत्तेपासून अलग केले. कॅथलिक जगताने हेन्री आणि ॲन यांचा विवाह कधीच मान्य केला नव्हता. त्या दृष्टीने इंग्लंडची खरी वारस होती सातव्या हेन्रीची पणती, स्कॉटलंडची कॅथलिक राणी मेरी स्टुअर्ट. स्वतःच्या सरदारांनी पदच्युत केलेली ही मेरी १५६८ साली आश्रयासाठी इंग्लंडमध्ये आली आणि एलिझाबेथपुढे मोठाच पेच उभा राहिला. तिला परत पाठवावे तर अन्य राजसत्तांच्या हाती आयते प्यादे जाणार. मोकळे सोडावे तर स्वकीय असंतुष्टांना नेता मिळणार. एलिझाबेथने तिसरा मार्ग निवडला. मेरी सुमारे १९ वर्षे नजरकैदेत राहिली. या दोघींची प्रत्यक्ष भेट मात्र कधीच झाली नाही.

धोका लगेचच प्रकट झाला. १५६९ मध्ये उत्तरेकडील उमरावांनी बंड करून डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये कॅथलिक उपासना पुन्हा सुरू केली. बंड मोडले गेले आणि शेकडो सामान्य लोक फासावर चढले. १५७० मध्ये पोप पाचवे पायस यांनी एलिझाबेथला धर्मबहिष्कृत करून प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मुक्त केले. या आज्ञापत्राने राणीपेक्षा तिच्या कॅथलिक प्रजेचेच अधिक नुकसान केले. धर्मनिष्ठा आणि राजद्रोह यांतील सीमारेषाच पुसली गेली. पुढे शंभराहून अधिक कॅथलिक धर्मगुरूंना तिच्या राजवटीत देहदंड झाला.

१५७१ च्या रिडॉल्फी कटात गुंतलेल्या नॉरफोकच्या ड्यूकला पुढच्या वर्षी प्राण गमवावे लागले. १५८३ मध्ये थ्रॉकमॉर्टनचा कट उघडकीस आला आणि स्पेनच्या राजदूताला देश सोडावा लागला. १५८४ साली नेदरलँड्समधील प्रॉटेस्टंटांचा नेता, ऑरेंजचा विल्यम, मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडला. त्यामुळे राणीच्या जिवाची चिंता आता कल्पनेतली राहिली नाही.

राणीचा मंत्री सर फ्रान्सिस वॉलसिंगहॅम याने हेरांचे जाळे विणले होते. १५८६ मध्ये अँथनी बॅबिंग्टन आणि मेरी यांच्यातील पत्रे बिअरच्या पिंपांतून ये-जा करीत. प्रत्येक पत्र वाटेतच उघडले जाई आणि त्यातील सांकेतिक लिपी उलगडली जाई, याची उभयतांना कल्पना नव्हती. एलिझाबेथच्या हत्येच्या बेताला मेरीने दिलेली संमती अशी हाती लागली आणि खटला चालून ती दोषी ठरली. तरीही अभिषिक्त राणीचा वध करण्याचा पायंडा पाडण्यास एलिझाबेथ कचरत होती. अखेर तिने आज्ञेवर सही केली आणि ८ फेब्रुवारी १५८७ रोजी फॉदरिंगे येथे मेरीचा शिरच्छेद झाला. नंतर मात्र तिने सारा दोष आपला सचिव डेव्हिसन याच्यावर ढकलून त्याला टॉवरमध्ये धाडले.

१५८८ मध्ये स्पेनचे सुमारे १३० जहाजांचे आरमार चालून आले आणि इंग्रज आरमार व वादळे यांपुढे हतबल होऊन परतले. शेवटचा घाव मात्र घरातूनच आला. राणीचा लाडका अर्ल ऑफ एसेक्स याने १६०१ मध्ये लंडनमध्ये उठाव केला आणि त्यालाही वधस्तंभाकडे जावे लागले. त्याच्या काही आठवडेच आधी, ३१ डिसेंबर १६०० रोजी, ईस्ट इंडिया कंपनीला सनद देऊन या राणीने हिंदुस्थानच्या भवितव्याशीही नकळत नाते जोडले होते.

२४ मार्च १६०३ रोजी अविवाहित एलिझाबेथचे निधन झाले आणि सिंहासन मेरीचाच पुत्र जेम्स याच्याकडे गेले. प्रॉटेस्टंट म्हणून वाढलेला हा राजा गादीवर आल्याने एलिझाबेथची धर्मव्यवस्था टिकली आणि मेरीचा वंशही राज्यावर आला. १६१२ मध्ये जेम्सने आईचे अवशेष वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये आणविले. हयातीत एकमेकींचे तोंडही न पाहिलेल्या या दोन राण्या आज तेथे एकाच छताखाली विसावल्या आहेत.