विल्यम हार्ले: चढावर दमलेल्या इंजिनातून टॉर्क शिकलेला इंजिनिअर

क्रूझर बाईकवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते: बाईक पळते मस्त, पण खालच्या आरपीएमला ओढत नाही. मागे कोणी बसलं की फ्लायओव्हरवर लगेच गिअर पाडावा लागतो. मग सायलेन्सर बदलायचे सल्ले सुरू होतात. हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका पोराला पडला होता. हार्ले-डेव्हिडसन या नावातला हार्ले तो हाच.

विल्यम हार्लेचा जन्म २९ डिसेंबर १८८० चा, मिलवॉकी शहरातला. आईवडील इंग्लंडहून आलेले. पंधराव्या वर्षी तो सायकलच्या कारखान्यात कामाला लागला. १९०१ मध्ये, विसाव्या वर्षी, त्याने सायकलला बसेल असं छोटं इंजिन कागदावर काढलं. क्षमता फक्त ११६ सीसी. मित्र आर्थर डेव्हिडसनसोबत दोन वर्षं खपून ते तयार केलं. सपाट रस्त्यावर ते चाललं, पण मिलवॉकीच्या चढांवर पेडल मारल्याशिवाय वर जाईना.

हार्लेने त्याच इंजिनाला जास्त पळवायचा नाद केला नाही. नवीन इंजिन काढलं, ४०५ सीसीचं. फ्लायव्हील ४ इंचांवरून पावणेदहा इंचांवर नेलं, वजन जवळपास १३ किलो. टॉर्क म्हणजे क्रँकशाफ्टला मिळणारा पीळ, आणि तो मुख्यतः एका स्ट्रोकला किती हवा-पेट्रोल जळतं यावर ठरतो. जड फ्लायव्हील टॉर्क वाढवत नाही, पण फिरण्याची ऊर्जा साठवतं, त्यामुळे कमी आरपीएमला इंजिन गचके खात नाही.

एवढ्यावर न थांबता तो विस्कॉन्सिन विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि १९०७ मध्ये डिग्री घेतली. शिकता शिकता पोटासाठी वेटरचं कामही केलं.

१९०९ मध्ये कंपनीने सुमारे ८१० सीसीचं व्ही-ट्विन बाजारात आणलं. सीसी भरपूर, तरी ते जमलं नाही. त्याचा इनटेक व्हॉल्व पिस्टनच्या ओढीनेच उघडायचा, आणि दोन सिलिंडरच्या इंजिनात ते नीट होईना. मॉडेल मागे घेतलं. १९११ मध्ये व्ही-ट्विन परत आलं, तेव्हा क्षमता जवळपास तेवढीच होती, पण व्हॉल्व आता कॅमने उघडत होता. इंजिनाला श्वास वेळेवर मिळाला आणि गाडी मार्गी लागली.

पुढे १९३६ मध्ये नकलहेड नावाने गाजलेलं ओव्हरहेड व्हॉल्वचं इंजिन आलं, सुमारे ९९० सीसीचं. १९४१ मध्ये तेच सुमारे १२०० सीसीपर्यंत वाढवलं. १८ सप्टेंबर १९४३ ला हार्ले गेला, तोपर्यंत कंपनीचा मुख्य इंजिनिअर तोच होता.

आता तुमच्या बाईकबद्दल. पॉवर म्हणजे टॉर्क आणि आरपीएमचा गुणाकार. म्हणून जाहिरातीतला वाढलेला एचपीचा आकडा बरेचदा फक्त वरच्या आरपीएमला मिळतो. अपग्रेड घेण्याआधी डायनोचा ग्राफ मागा आणि २००० ते ३५०० आरपीएममध्ये टॉर्कची रेष किती उचलली आहे ते बघा. खालची ताकद हवी असेल तर बिग बोअर किट आणि इनटेक व्हॉल्व लवकर बंद करणारा सौम्य कॅम ही जोडी बघा. रेसिंग कॅम आणि फार रुंद पाईपने खालचा टॉर्क उलट कमी होऊ शकतो. बजेट कमी असेल तर मागचं स्प्रॉकेट मोठं करा: इंजिन तेच राहतं, चाकावरची ओढ वाढते, टॉप स्पीड मात्र कमी होतो. आणि इंजिनाला हात लावण्याआधी आरटीओचे नियम नक्की तपासा.

हार्लेचा क्रम लक्षात ठेवा: आधी सीसी, मग श्वास. आवाज त्याच्या यादीत कुठेच नव्हता.