दादासाहेब फाळके आणि सरस्वतीबाई

मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे मला सांगण्यात आले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दादासाहेब फाळके उभे राहिले. पण त्यांच्याविषयी लिहू लागले की सरस्वतीबाईंना वगळताच येत नाही. म्हणून हे चरित्र मी दोघांचे म्हणूनच लिहीत आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईस जे. जे. कलाशाळेत व पुढे बडोद्यास कलाभवनात ते शिकले. छायाचित्रण, छपाई असे अनेक उद्योग त्यांनी केले. पहिली पत्नी प्लेगने गेल्यावर त्यांचा दुसरा विवाह झाला. त्याच सरस्वतीबाई.

ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहून त्यांच्या मनाने घेतले की आपल्या देवादिकांनाही पडद्यावर आणायचे. या ध्यासापायी डोळे अधू झाले, घरातील पैसा संपला. 1912 साली विलायतेस जाऊन त्यांनी कॅमेरा आणला. अशा वेळी आपल्यापैकी किती जणींनी अंगावरचे दागिने काढून दिले असते? सरस्वतीबाईंनी ते दिले.

‘राजा हरिश्चंद्र’ची कथा फाळक्यांनी स्वतःच बेतली. तारामतीसाठी मात्र स्त्री मिळेना, म्हणून खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून उभे राहिले. पुढे 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामे साळुंक्यांनीच केली. मूकपटाच्या त्या काळातले ते मोठे लोकप्रिय नट ठरले. इकडे सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत, आणि तो आटोपला की अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मच्या कडांना भोके पाडीत. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली.

पुढे बोलपट आले आणि फाळके मागे पडले. 1937 चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथे ते निवर्तले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार 1969 साली सुरू झाला.

परेश मोकाशी हे नाटकांतून आलेले लेखक. त्यांनी 2009 साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा आपला पहिलाच चित्रपट लिहिला व दिग्दर्शित केला. फाळक्यांची भूमिका नंदू माधव यांनी व सरस्वतीबाईंची विभावरी देशपांडे यांनी केली. भारतातर्फे तो ऑस्करसाठीही पाठविण्यात आला. मला त्यात आवडले ते हे, की फाळक्यांची बायको नुसती सोसणारी दाखविलेली नाही. ती हसत हसत कामाला हात लावते.

भगिनींनो, मानपत्रावर नाव एकाचेच येते. आपल्या कोरीटमध्येही कार्यक्रम उठून दिसतो, पण पहाटे चूल पेटविणारी कोणाच्या ध्यानात राहत नाही. यंदा मंडळाच्या वहीत अध्यक्षांच्या नावाखाली स्वयंपाक करणाऱ्या, सतरंज्या घालणाऱ्या साऱ्याजणींची नावे लिहावीत, एवढीच माझी विनंती आहे. सरस्वतीबाईंचे ऋण आपण त्यानेच थोडे फेडू.